अक्कांची खरवड

सन १९२६, श्रावणातली पौर्णिमा, सकाळचे अकरा. गेल्या हंगामाचा नवा तांदूळ एक शेर, गूळ पाऊण शेर, नारळ दीड, लवंगा सहा, तूप आठ चमचे. हजर माणसं चार: चुलीपुढे माझी आई, नारळ खवायला माझी पत्नी यमुना, आतल्या दाराशी पाटावर मी, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या उंबऱ्याबाहेर चौकात उभ्या असलेल्या अक्का. त्या दिवशी आमच्या घरी गूळभात झाला तो अक्कांनी शिजवला. पातेल्याला मात्र त्यांचा हात लागला नाही. पळीला नाही, झाकणाला नाही, चुलीतल्या लाकडालासुद्धा नाही.

आठ वर्षं हे असंच चाललं. आमच्या घरातला सगळ्यांत चांगला पदार्थ ज्या बाईने शिजवला, तिने आमची चूल दोन हातांपेक्षा जवळून कधी पाहिली नव्हती.

आम्ही तेव्हा सोलापुरात साखर पेठेत राहत होतो. दोन खोल्या, मागे सामाईक चौक, चौकात एक हौद. हौदापलीकडे अक्कांचं घर. घर म्हणजे दोन हातमाग आणि उरलेल्या जागेत माणसं. त्यांचे सासरे निजामाच्या मुलखातून, तेलुगू भागातून, पोटासाठी इकडे आलेले. अक्कांचे यजमान आणि मुलगा मागावर लुगडी विणत; अक्का दाराशी रहाट घेऊन मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने बारीक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सगळा चौक त्यांना अक्काच म्हणे. मी त्या काळी टिपणवही ठेवत असे. तिच्यात दर पौर्णिमेचे नारळ आणि लवंगा मोजून लिहिलेल्या आहेत. अक्कांचं खरं नाव तिच्यात कुठे नाही. ते विचारावं असं मला कधी सुचलं नाही.

अक्कांचा कान ही त्या चौकातली नवलाची गोष्ट होती. चारी बाजूंनी मागांची खटक-खटक चालू असायची. आमच्यासारख्याला ती एकच एक वाटे. अक्का रहाटावरून मान न उचलता मध्येच ओरडत, "पोरा, डावीकडं तुटलाय बग धागा!" आणि मुलाने माग थांबवून पाहिलं की धागा तुटलेला असे. मी एकदा विचारलं, एवढ्या गलक्यात तुम्हाला कळतं कसं? म्हणाल्या, "गलका कुटं हाय? सगळं एका चालीनं चाललाय. चाल चुकली की कळतंय की." त्यांचं मराठी तेलुगू वळणाचं होतं. कशाला 'तो' म्हणायचं आणि कशाला 'ती', याची त्यांनी कधी पर्वा केली नाही, आणि स्वतःबद्दल बोलताना 'येतो', 'जातो' असंच म्हणत.

त्यांच्या या कानाची आमच्या भाताशी गाठ पडली ती आदल्या वर्षीच्या पौर्णिमेला. आईचा गूळभात दर वर्षी फसत असे. फसत असे म्हणजे गूळ पडला की तांदूळ आखडून बसे आणि दाताखाली कचकच लागे. आम्ही मुकाट्याने खात होतो. त्या वर्षी अक्का चौकातून हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला आल्या आणि उंबऱ्याबाहेर थबकल्या. आईच्या हातात गुळाची वाटी होती.

"अम्मा, थांबा. गूळ टाकू नका."

आईने मागे वळून पाहिलं. "का गं?"

"भात अजून बोलायलाय."

आईला वाटलं, बाई काहीतरी खुळ्यासारखं बोलते आहे. तिने गूळ टाकला. भात आखडला. दुपारी जेवताना आई एकदम म्हणाली, "ती हौदापलीकडची काय म्हणत होती रे?"

पुढच्या वर्षी आईने स्वतः निरोप पाठवला. आईचं सोवळं कडक होतं. ओलेत्याने स्वयंपाक, आणि आमच्यातल्यांखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातचं शिजलेलं अन्न घरात चालत नसे. तेव्हा अक्का आत येण्याचा प्रश्नच नव्हता. आईने सांगितलं, "तू तिथूनच सांग. मी करते." अक्का हसल्या. "मी हितनंच शिजिवतो. तुमी हात द्या फक्त."

खरंच तसं होत असे. अक्का उंबऱ्याबाहेर उजवा कान दाराकडे करून उभ्या राहत, डोळे मिटलेले. पाणी खळखळायला लागलं की म्हणत, "आता भांडायलाय. लाकूड वढा." थोड्या वेळाने, "आता बोलायलाय." मग, "आता कुजबुजायलाय. झाकण ठेवा, वर निखारा ठेवा." आणि मग बराच वेळ काहीच नाही. आई गुळाची वाटी घेऊन बसलेली, यमुना खवणीवर हात थांबवून, मी पाटावर. अखेर अक्का डोळे उघडत आणि हळूच सांगत, "गप बसला. आता टाका गूळ. बोलताना टाकला तर रुसतोय."

एक शीत आई पानाच्या तुकड्यावर काढून उंबऱ्यापाशी सरकवी. अक्का ते अंगठ्यात आणि बोटात धरून दाबत. ही सवय विणकामातली. ताण्याच्या सुताला लावायची खळ त्या स्वतः तांदळाची करत. ती सुताला नीट धरते की नाही हे अशीच दोन बोटांत तार काढून पाहत. "खळीला तांदूळ मरून जायाला पायजे. खायाला मरू द्यायचा न्हाय. एकानं दुसऱ्याचा हात धरायचा, पर दोगं दोगंच ऱ्हायाला पायजेत." तसा तो भात असे. चिकट, पण लगदा नाही. वाटीत दाबून पानावर उपडा केला तर वाटीचा आकार धरून उभा राही, आणि बोट लावलं की शितं सुटी होऊन पुन्हा एकमेकांना बिलगत.

श्रावणी पौर्णिमा हा विणकरांचा सुताचा सण. त्या दिवशी पेठेतले माग बंद असत. मागाला हार घातलेला, घरातल्या पुरुषांची नवी जानवी. वर्षभर कानात बसलेली खटक-खटक त्या एका दिवशी नसे. मला अजून स्वप्नात कधी कधी ती सकाळ दिसते. हौदाच्या पाण्यावर ऊन हलतं आहे, कुणी बोललं तर दोन घरांपलीकडे ऐकू जातं आहे, आणि आमच्या दारातून गुळाची, लवंगेची, ओल्या नारळाची वाफ बाहेर चौकात जाते आहे. ती वाफ उंबरा ओलांडून सरळ अक्कांच्या तोंडावर जाई. त्या डोळे मिटूनच ती घेत. वाफेला सोवळं नव्हतं.

जानव्यावरून आठवलं. एकदा आई नवल करत म्हणाली, "तुमच्यातही जानवं घालतात होय गं?" अक्का म्हणाल्या, "मग? सूत आमच्या घरात हाय अम्मा. ते आमीच घालू नये व्हय?" आई चुलीतलं लाकूड सारायला वळली. मी मात्र त्या दिवशी जेवताना माझं जानवं सदऱ्याखाली सारून घेतलं, हे प्रामाणिकपणे लिहितो.

मी गिरणीच्या घडी खात्यात होतो. दिवसभर कापड मोजायचं काम. म्हणून अक्का मला 'गजवाले' म्हणत. पौर्णिमेला मी वही आणि खिशातलं घड्याळ घेऊन बसलो की त्यांना चेव येई. "गजवाले, वाफ किती गज भरला?" "गजवाले, भात गप बसायला किती वाजले लिवलं का?" मी लिहीतच असे. पाणी सव्वादोन शेर. उकळी फुटल्यापासून गप बसेपर्यंत अठरा मिनिटं. पुढच्या वर्षी एकोणीस. त्यापुढे पुन्हा अठरा. मला वाटे, दहा वर्षांचे आकडे जमले की अक्कांची गरज उरणार नाही. हे मी एकदा त्यांना बोलूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. "लिवा, लिवा. माझा मरणाआधी तुमचा वही पुरा व्हायाला पायजे," एवढंच म्हणाल्या.

एका वर्षी मी शहाणपणा केला. बाजारात दोन वर्षांचा जुना, बारीक, पांढराशुभ्र तांदूळ मिळाला. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, दुणावतो, पोटाला हलका पडतो. कोणताही संसारी माणूस तोच घेईल. मी हौसेने आणला. भात शिजला, एकेक शीत सुटं, मोगऱ्याच्या कळीसारखं. गूळ पडला तरी शितं एकमेकांपासून लांबच. आईने उंबऱ्यापाशी शीत सरकवलं. अक्कांनी ते बोटांत धरलं, सोडलं आणि म्हणाल्या, "ह्यो तांदूळ लई मोठ्या घरचा हाय, अम्मा. एकमेकाला शिवत न्हाय."

आईचा हात पळीवर थांबला. यमुनेने माझ्याकडे पाहिलं. अक्कांच्या तोंडावर नेहमीचंच हसू होतं. तो टोमणा होता की तांदळाचीच गोष्ट होती, हे मला आजही ठरवता येत नाही. आईने तो भात तसाच वाढला. पण पुढच्या वर्षी तांदूळ आणायला मी निघालो तेव्हा तिने पिशवी देताना सांगितलं, "नवाच आण."

आता खरवडीचं सांगायला हवं. भात वाढून झाला की पातेल्याच्या बुडाशी तांबूस, चिवट, गुळाच्या पाकात करपायच्या जरा अलीकडे थांबलेली खपली उरे. अक्का कष्टाचं म्हणून काहीही घेत नसत. आईने पहिल्या वर्षी भाताचं पान वाढून उंबऱ्यावर ठेवलं तर त्यांनी ते मागे सरकवलं. "भात तुमचा. खरवड माझा." त्यांच्यात म्हणे खळीच्या हंड्याची खरवड खळ शिजवणारीची असते; ती दुसऱ्याने खाल्ली तर पुढची खळ सुताला धरत नाही. त्या आपलं पितळेचं वाटगं पुढे करत आणि आई वरून, वाटग्याला पळी न लागेल अशा बेताने, खरवड टाकी. मी वहीत तेवढंही लिहून ठेवलं आहे: खरवड, एक वाटी, अक्कांना. आठ वर्षं तीच ओळ.

सन १९३३च्या मार्गशीर्षात आईने अंथरूण धरलं. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. पेज नको, दूध नको, मुगाचं कढण नको. बारा दिवस ती घोट-घोट पाण्यावर होती. वैद्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "काहीही खाऊ दे, मागेल ते द्या. पोटात अन्न गेलं तर उठेल, नाहीतर नाही." तेराव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "गूळभात असता तर दोन घास खाल्ले असते."

त्याच दिवशी यमुना बाजूला बसलेली होती. चार दिवस तिला चुलीकडे जाता येत नव्हतं. ती चौकात पोत्यावर बसून होती. दुसरी बाई घरात नाही. मी धोतर भिजवून नेसलो, वही उघडली, तांदूळ अर्धा शेर मोजला. घरात होता एक शेरच. बरोब्बर निम्मं पाणी, निम्मा गूळ. यमुनेने हाक मारली तशा अक्का रहाट टाकून उंबऱ्याशी आल्या.

तो कामाचा दिवस होता. चौकातले सगळे माग चालू होते.

"गजवाले, मला नीट ऐकायला येईना. मागाचा आवाज लई हाय. जरा थांबा."

मी घड्याळ पुढे धरलं. "अक्का, अठरा मिनिटं झाली."

"तांदूळ अर्धा हाय. चुलीला दुसरा हात लागलाय. तुमचा अठरा कुटं पुरंल? बोलायलाय अजून, मला वाटतंय."

"आठ वर्षांचे आकडे आहेत माझ्याकडे," मी म्हणालो आणि गूळ टाकला.

भात आखडला. मी एक शीत तोंडात घातलं, कचकन वाजलं. पातेलं तसंच धरून मी चुलीपुढे बसून राहिलो. चौकातून यमुनेच्या हुंदक्याचा आवाज आला.

आईचं अंथरूण पलीकडच्या खोलीत होतं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती क्षीण आवाजात म्हणाली, "मापाने नाही व्हायचं ते. अक्काला आत घे."

मी ऐकलं, पण हललो नाही. आईच कण्हत थोडी उठली. "अक्का, आत ये."

अक्का उंबऱ्याशी ताठ उभ्या होत्या. "अम्मा, तुमचं सोवळं..."

"तो जुना तांदूळ मला अजून आठवतो गं," आई म्हणाली. "ये. शीव."

अक्कांनी हौदावर पाय धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि उंबरा ओलांडला. मला हाताने बाजूला केलं. उरलेला अर्धा शेर तांदूळ धुतला. पाणी त्यांनी मापाने घातलं नाही. तांदळावर बोट टेकवून पेरं पाहिलं. पातेलं चढलं. थोड्या वेळाने त्या झाकणाशी वाकल्या, मान हलवली आणि दाराकडे वळून तेलुगूत ओरडल्या, "मग्गं आपंडी!" माग थांबवा.

समोरचे दोन माग थांबले. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं? कुणीतरी तेलुगूतच उत्तर दिलं. तिथलाही माग थांबला. मग हौदाच्या डावीकडचा, मग त्याच्या मागचा. एकेक आवाज विझत गेला आणि मार्गशीर्षातल्या त्या कामाच्या सकाळी आमच्या चौकात पौर्णिमेची शांतता उतरली. ऊन पाण्यावर हलत होतं. दारांत माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. पातेल्यात भात बोलत होता. तेव्हा तो मलासुद्धा ऐकू आला. आधी भांडला, मग बोलला, मग कुजबुजला. किती मिनिटं झाली ते मी पाहिलं नाही.

"गप बसला," अक्का म्हणाल्या.

पहिला घास अक्कांनीच आईला भरवला. दुसराही. पाच घास झाल्यावर आईने मान वळवली. अक्का उठून पातेल्यातली खरवड आपल्या वाटग्यात काढू लागल्या, तशी आई म्हणाली, "ती इकडे आण. आज भात तुझा. खरवड माझी."

अक्का आधी हसल्या, आणि मग हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

आई त्या आजारातून उठली. आणखी दोन वर्षं जगली, आणि त्या दोन्ही पौर्णिमांना अक्का चुलीशेजारी पाटावर बसल्या. मी वही ठेवणं सोडलं. आई गेल्यावरच्या वर्षी मात्र अक्का पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. यमुना म्हणाली, "आत या ना." म्हणाल्या, "आत अम्मासाठी येत होतो. कोडलु, आता तू ऐक. मी हितं नुसता उभारतो." तेलुगूत सुनेला कोडलु म्हणतात.

सन १९३८ साली त्यांचे यजमान वारले. लुगड्यांना गिऱ्हाईक कमी झालं होतं. मुलाने माग विकले आणि परगावी गिरणीत काम धरलं. सामान बैलगाडीत चढत होतं तेव्हा सण नव्हता, काही नव्हतं. यमुनेने तरी चूल पेटवली. अक्कांना हाताला धरून आत आणलं आणि आईच्या पाटावर बसवलं. अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. भात भांडला, बोलला. मला वाटलं, आता सांगतील. त्या गप्पच. यमुना झाकणाशी कान नेऊन वाकलेली. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली आणि गूळ टाकला. मग पानावर एक शीत काढून अक्कांपुढे धरलं.

अक्कांनी ते अंगठ्यात आणि बोटात दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"हात धरलाय," त्या म्हणाल्या.

मी जुनी वही शोधून आणली होती. म्हटलं, "अक्का, एवढ्या वर्षांत तुमचं खरं नाव लिहायचं राहिलं. सांगा."

"अक्काच लिवा की गजवाले. आता नवा नाव कशाला?"

यमुनेने विचारलं, "काय वाढू? भात की खरवड?"

"आज दोनी घेतो," अक्का म्हणाल्या.

वहीतली ती शेवटची नोंद आहे. तांदूळ एक शेर, गूळ पाऊण शेर, नारळ दीड. वेळ पाहिली नाही. पहिलं पान भाताचं आणि बुडाची सगळी खरवड: अक्कांना.